आधी कोंबड्यांचं बोला

भोइटे काकीसाहेबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही, आणि लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी अजून काही गोड बातमी कशी नाही, हेही विचारलं नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत आमचं बिऱ्हाड येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि तेवढ्यात या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन देऊन मी कंटाळले होते. मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. छातीएवढ्या भिंतीपलीकडून एक रुंद, सावळा चेहरा वर आला. डोक्यावर पदर, कपाळावर हिरवं गोंदण. चेहऱ्यानं आमचं अख्खं अंगण एका नजरेत तपासलं आणि विचारलं, "खुराडं कुठं आहे तुमचं?"

आम्ही कोंबड्या पाळत नाही, असं मी सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग संध्याकाळी बोलता काय एकमेकांशी?"

आमचं घर देशस्थांचं. यजमानांचे पणजोबा दरबारात कारकून म्हणून दक्षिणेतून आले, आणि तेव्हापासून घरातल्या पुरुषांनी लेखणीशिवाय दुसरं काही उचललं नव्हतं. अशा घरात कोंबडी शिरली ती मोतीझऱ्यामुळे. यजमान त्या तापातून उठले खरे, पण अंगात काही उरलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं की रोज एक अंडं द्या. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. भिंतीपलीकडे हे सगळं ऐकू जात होतंच. तिसऱ्या दिवशी काकीसाहेबांनी मला हाक मारली आणि एक तांबूस तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, पाय धरून सरळ माझ्या हातात दिली.

"बाजारातून अंडं आणशील तर गल्ली बघेल," त्या म्हणाल्या. "कोंबडी पाळशील तर म्हणतील, शौक आहे."

सासूबाईंनी शेवटी तह केला. कोंबडी न्हाणीच्या पलीकडे राहील, अंड्याची चूल बाहेर, तवा वेगळा, आणि अंडं या शब्दाचा घरात उच्चार नाही. तो तह त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मात्र वर्षभरात त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या प्रत्येक कोंबडीला ओळखायला लागल्या, आणि मी भिंतीशी काही चुकीचं सांगितलं तर आतून खाकरून दुरुस्ती करत. तपकिरी नव्हे, काळी, एवढंच त्या म्हणत, आणि पुन्हा जपाला लागत.

काकीसाहेब या 'साहेब' कशानं, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल. ग्वाल्हेरच्या मराठ्यांत तो पडत नाही. घरात दोन घास कमी असले तरी बाई आईसाहेब नाहीतर वहिनीसाहेब असतेच. काकीसाहेबांचे यजमान संस्थानाच्या रिसाल्यात दफेदार होते, म्हणजे घोडदळातले हवालदार. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या वेळेला घरात त्या, त्यांचा मुलगा यशवंतराव, सून सुमित्रा आणि दोन नातवंडं. यशवंतरावही रिसाल्यात सवार होते. चार पिढ्या घोड्यावर गेल्या, असं काकीसाहेब सांगत, आणि स्वतः मात्र घोड्याला भीत. घोड्याच्या डोळ्यात बघितलं की तो मनात काय ठरवून राहिला आहे ते कळत नाही, कोंबडीचं तसं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. त्या कोंबडीमागे धावत, खुराड्यात अर्ध्या शिरत, छपरावर चढलेल्या कोंबड्याला बांबूनं उतरवत, पण डोक्यावरचा पदर तसूभर हलत नसे. माझा पदर वाऱ्यानंही पडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, पदराकडे लक्ष दिलं की पडतो.

आमचं अंगण, त्यांचं अंगण आणि रहमत बीचं अंगण एका कोपऱ्यात मिळत. रहमत बी म्हणजे कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या शकूर मियांची बायको. तिचं माहेर किला गेटला, आणि तिच्या मते चांगली कोंबडी फक्त तिकडेच मिळे. हे काकीसाहेबांना मान्य नव्हतं. या एका मुद्द्यावर त्या दोघी वर्षानुवर्षं भांडल्या आणि रोज संध्याकाळी, कोंबड्या आत जायच्या सुमाराला, त्याच कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. गल्लीतल्या आणखी दोघीतिघी येत. मग बातम्या सुरू होत.

त्याला काकीसाहेबांचा नियम होता. आधी कोंबड्यांचं बोला. कुणाची कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, कुणाच्या पिल्लांना घारीनं हात लावला, कुणाच्या कोंबडीनं कवच नसलेलं अंडं घातलं, हे सगळं रीतसर झाल्यावर मग माणसांचं. कुणी येताच "ऐकलंत का, अमक्याच्या मुलीचं..." म्हणून सुरुवात केली की काकीसाहेब शांतपणे विचारत, "तुझी ती लंगडी कशी आहे?" आणि त्या बाईला आधी लंगडीचं सांगावं लागे. तोवर अमक्याच्या मुलीची अर्धी हवा निघून गेलेली असे.

त्या स्वतःही नियमाला अपवाद करत नसत. उज्जैनचे त्यांचे थोरले भाऊ वारले त्या दिवशी तार दुपारी आली होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी त्या भिंतीशी आल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी सांगितलं की ठिपक्यांची आज पहिल्यांदा अंड्यावर आली, अंडं लहान आहे पण सरळ आहे. मग म्हणाल्या, "आणि उज्जैनचे आमचे दादासाहेब गेले." रहमत बीनं भिंतीवरून हात पुढं करून त्यांचा हात धरला. काकीसाहेबांनी तो धरू दिला, आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत सांगितलं की मुंगूस पुन्हा दिसून राहिलं आहे, बीळ मोरीच्या बाजूला असावं.

त्यांच्या कोंबड्यांना हुद्दे होते. सगळ्यात थोरली ती सुभेदारीण. तिच्याखाली जमादारीण, मग दोघी नायकिणी, बाकी शिपाई. कोंबडा कप्तान. अंडी कमी झाली की हुद्दा उतरे, आणि अगदीच बंद झाली की ती पेन्शनीत जाई. पेन्शनीतली कोंबडी त्या कापत नसत. ती खुराड्याच्या वरच्या फळीवर बसून मरेपर्यंत दाणा खाई. जे कोंबडे पातेल्यात जायचे त्यांना मात्र नाव नसे. ज्याला खायचं त्याला नाव द्यायचं नाही, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं. मला खायचं नव्हतं, तरी मी मान डोलावली होती.

उबवणीचीही त्यांची रीत होती. कोंबडी कुणाचीही खुडूक बसो, तिच्याखाली सगळ्या घरांची अंडी जात. प्रत्येकीनं आपल्या अंड्यावर कोळशानं खूण करायची. माझी खूण उभी रेघ, रहमत बीची चांद, काकीसाहेबांची फुली. पिल्लं निघाली की खुणा फुटक्या कवचावर राहत आणि कुठलं पिल्लू कुणाचं हे देवालाही सांगता आलं नसतं. मग काकीसाहेब वाटणी करत. पहिलं बसणाऱ्या कोंबडीच्या मालकिणीला, बाकीची ज्याच्या अंगणात जी पळतील ती त्याची. हे काही फार न्यायाचं नव्हतं, कारण पिल्लं दाणा दिसेल तिकडे पळतात आणि सगळ्यात जास्त दाणा काकीसाहेबांच्या अंगणात सांडलेला असे.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाहेर फार उलथापालथ होत होती. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला बसे, त्यामुळे कोण कारकून कुठं आणि किती दिवस, कुणालाच सांगता येत नसे. संस्थानची फौज मोठ्या फौजेत सामील व्हायची होती. काहींना घेणार, काहींना घरी बसवणार. छावनीत तर घराघरात एक वर्दी. पुरुष फूलबागेच्या कठड्यावर बसून दिवसभर याच गोष्टी करत, आणि घरी आले की बायकांवर चिडत. भिंतीशी मात्र कुणी कुणाला विचारत नसे की तुमच्याकडचं काय ठरलं. ज्या घरात नोकरी गेली त्या घरातली बाईदेखील संध्याकाळी सरळ येऊन कोंबडीच्या पिसांबद्दल बोलू शके. काकीसाहेबांच्या नियमाचा असाही उपयोग आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

यशवंतरावांची निवड व्हायची होती. काकीसाहेबांनी त्यांना महिनाभर रोज सकाळी सुभेदारिणीचं कच्चं अंडं दिलं. दुसऱ्या कुठल्या कोंबडीचं चालणार नव्हतं. निवडीच्या दिवशी त्यांनी मुलाच्या बुटांना स्वतः पॉलिश केलं. आम्ही सगळ्यांनी ते भिंतीवरून पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

निकाल आला त्या संध्याकाळी त्या जरा लवकरच आल्या. कप्तानाच्या तुऱ्यावर फोड आला आहे, म्हणाल्या. त्याला हळद लावली. एक नायकीण अंडी लपवून घालते आहे, गोवऱ्यांच्या मागे सापडली. आमच्या कोंबडीचं त्यांनी विचारलं, रहमत बीच्या प्रत्येक पिल्लाचं विचारलं. अंधार पडायला आला, कोंबड्या आपापल्या आत जाऊन बसल्या, तरी त्या कोंबड्यांचंच बोलत होत्या. कुणी हललं नाही. शेवटी सांगायला काही उरलं नाही तेव्हा त्या म्हणाल्या, "यशवंताला नाही घेतलं."

रहमत बी म्हणाली, "अल्लाह कोई और रास्ता खोलेगा, काकीसाहब."

"रस्ता मला पण माहीत आहे, बी," काकीसाहेब म्हणाल्या. "घोडा नाही राहिला."

यशवंतराव काही महिने घरी बसले. मग सचिवालयात चपराशी म्हणून लागले. त्या नोकरीसाठी माझ्या यजमानांनी शब्द टाकला होता, ही गोष्ट काकीसाहेबांना माहीत होती. त्या त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त त्या वर्षी वाटणीत आमच्या अंगणाकडे पळणारी पिल्लं एकदम वाढली. मी बारकाईनं पाहिलं तेव्हा कळलं की त्या आमच्या बाजूला मूठमूठ कणी टाकतात.

चपराशाला लाल पट्टा आणि पितळी बिल्ला मिळे. दर रविवारी काकीसाहेब तो बिल्ला चिंच आणि राखेनं घासत. गल्लीतली एक जरा फटकळ बाई होती, ती एकदा म्हणाली, रिसाल्यातला सवार आणि आता साहेबांना पाणी देतो, दिवस बघा कसे आलेत. काकीसाहेबांनी बिल्ला उन्हाकडे धरून पाहिला. "पट्टा आहे ना?" त्या म्हणाल्या. "पट्टा आहे, सकाळी जायला ठिकाण आहे. अजून काय असतं?" आणि त्या बाईला तिच्या कोंबडीची तबियत विचारली.

त्यानंतर काही वर्षं बरी गेली. मला मुलगा झाला, मग मुलगी. मुलगा रांगायला लागला तो भिंतीच्या दिशेनंच. एका उन्हाळ्यात मानमोडी आली, म्हणजे कोंबड्यांची ती मरी, ज्यात मान वाकडी होते आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो. तो रोग पायांबरोबर फिरतो म्हणून काकीसाहेबांनी सगळ्यांचं येणंजाणं बंद केलं. आम्ही आपापल्या दारात उभ्या राहून ओरडून बातम्या सांगत होतो. त्यांची निम्मी फौज गेली. सुभेदारीण गेली. त्यांनी तिला मोरीच्या बाजूला पुरलं, आणि पावसाळ्यानंतर रहमत बीकडची अंडी आणून पुन्हा सुरुवात केली. किला गेटच्या कोंबड्यांबद्दलचं त्यांचं मत त्यामुळे बदललं असं मात्र झालं नाही.

मग दिल्लीला कुणीतरी नकाशा पुढं घेऊन बसलं आणि मध्यभारतही संपला. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. आता सचिवालयच उचलून तिकडे जाणार म्हटल्यावर आमच्या गल्लीतली अर्धी घरं हलणार हे उघड होतं. भिंतीशी त्या दिवसांत एकच प्रश्न फिरत होता, भोपाळच्या सरकारी घरांना अंगण आहे का. नाही, असं कळलं. वरमजल्याची घरं आहेत आणि नवीन साहेब लोक कोंबड्या चालवून घेत नाहीत.

यशवंतरावांचं नाव पहिल्याच फळीत आलं. ते पुढं गेले. बिऱ्हाड नंतर न्यायचं होतं. आईसाहेब बरोबर येणार, हे ते धरूनच चालले होते. एकुलता एक मुलगा, विधवा आई, दुसरं काही कुणाच्या मनात यायचं कारणही नव्हतं. काकीसाहेब हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. मुलगा रजेवर आला की म्हणत, आता खुडूक बसवली आहे, पिल्लं निघू देत. पिल्लं निघाली. मग त्यांना पंख फुटू देत. पंख फुटले. मग थंडी जाऊ दे. सुमित्रा माझ्याकडे येऊन रडली. तिला नवऱ्याजवळ जायचं होतं, मुलांची शाळा बुडत होती, आणि सासूला एकटं टाकून गेलेली सून म्हणून तिला गल्लीत नाव लावून घ्यायचं नव्हतं. ती म्हणाली, त्या कोंबड्यांपायी अडून बसल्या आहेत, बाकी काही नाही.

आम्हाला ते पटलं, आणि आम्ही जी चूक केली ती इथंच.

आमच्याकडे एक रीत पडली होती. ती काकीसाहेबांनीच पाडली. गाव सोडून जाणाऱ्या बाईला 'माझ्या कोंबड्या ठेवता का' असं विचारायला लागू नये. शेजारणींनीच डालगी घेऊन तिच्या दारात जायचं, आणि तिनं न बोलता एकेक कोंबडी त्यांत घालायची. नको म्हणायचं नाही, ना देणारीनं, ना घेणारीनं. भोपाळची गडबड सुरू झाल्यापासून अशी डालगी तीनचार दारांत गेली होती. तेव्हा फाल्गुनात यशवंतराव सगळ्यांना न्यायला आले, आणि ऑफिसात माझ्या यजमानांना म्हणाले की उद्या रात्रीची गाडी आहे, तेव्हा मी रहमत बीला सांगितलं. तिनं बाकीच्यांना सांगितलं. सकाळी आम्ही सगळ्या डालगी घेऊन काकीसाहेबांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिलो. त्यांची अडचण आपण दूर करतो आहोत, याचा आम्हाला आनंदच झाला होता.

त्या खुराडं झाडत होत्या. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं, मग डालग्यांकडे पाहिलं. त्या जाणार आहेत, असं त्यांच्या तोंडून आमच्यापैकी कुणीही ऐकलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. पण डालगी दारात आली होती. त्यांनी झाडू बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि खुराड्यात वाकल्या.

एकेक कोंबडी देताना त्यांनी तिच्याबद्दल सांगितलं. ही बाजरी खात नाही, कणी दे. ही रात्री दुसरीला टोचते, वेगळी बसव. हिला पावसाचा आवाज सहन होत नाही. जमादारीण त्यांनी मला दिली आणि नवा कप्तान रहमत बीला. शेवटी फक्त पेन्शनीतली एक म्हातारी उरली. ती कुणाला देऊ, असं त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही पुढं झालो नाही.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. कोंबडी नव्या घरी नेली की आठदहा दिवस कोंडून ठेवावी लागते, नाहीतर पायाला दोरी बांधून. मोकळी सोडली तर दिवे लागायच्या आधी ती जुन्या घरी परत जाते. हे आम्हाला प्रत्येकीला त्यांनीच शिकवलं होतं, आणि दर वेळी कोंबडी हातात देताना त्या ते पुन्हा सांगत, जणू आम्ही बुद्दूच आहोत. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. परत येताना मी रहमत बीकडे पाहिलं. रहमत बी आभाळाकडे बघत होती. मी दुपारी जमादारिणीला अंगणात मोकळं सोडलं. विसरले, असं मी म्हणणार नाही.

दिवस कलला तेव्हा मी भिंतीशी होते. पलीकडे यशवंतराव वळकटी आवळत होते, सुमित्रा भांडी गोणपाटात घालत होती, आणि काकीसाहेब पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडची जमादारीण आधी भिंतीवर चढली. इकडंतिकडं मान फिरवून तिनं पलीकडे उडी टाकली आणि सरळ चालत जाऊन खुराड्यात शिरली. मग रहमत बीकडून दोघी आल्या. गल्लीतून एक आली, ती पुढच्या दारातून घरातून चालत मागे गेली. कप्तान सगळ्यात शेवटी आला आणि आत जाण्यापूर्वी उगाच एकदा आरवला. यशवंतराव वळकटीवर गुडघा टेकून हे बघत राहिले. ते दफेदारांचं पोर, त्याच अंगणात वाढलेले. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"आईसाहेब, तुम्ही त्यांना कोंडून ठेवायला सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"नाही सांगितलं."

"का?"

इतकी वर्षं मी काकीसाहेबांना ऐकत होते, पण आधी कोंबड्यांचं न बोलता त्या सरळ बोलल्या असं मी तेव्हाच ऐकलं. "मला नाही यायचं, यशवंता. तुझ्यावर रुसून नाही, सूनबाईवर पण नाही. तिथं दिवस निघून जाईल, पोरं आहेत. पण संध्याकाळ झाली की मी कुणापाशी जाऊन उभी राहू, आणि काय सांगू?"

"लोक म्हणतील, आईला टाकून गेला."

"लोकांना मी सांगेन. माझी जबान चालते अजून."

यशवंतरावांनी वळकटी सोडली, आईचं अंथरूण तिच्यातून काढलं आणि आत नेऊन ठेवलं. त्यांना वाईट वाटलं होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. सुमित्रा पदर तोंडाला लावून रडत होती, आणि मला वाटतं तिला थोडं हायसंही वाटलं असावं. आत सासूबाई खाकरल्या. मी भिंतीपासून दूर झाले.

काकीसाहेबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या तोंडापर्यंत प्रत्येकीला त्यांनी स्वतः गाठून सांगितलं की मुलगा नेत होता, मीच गेले नाही, आणि उलटसुलट बोलाल तर खबरदार. मुलगा सणाला येई. कोंबड्यांना पुन्हा हुद्दे मिळाले. भिंतीशी आम्ही पुन्हा उभ्या राहू लागलो, आणि त्या वर्षभरात मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

पण नकाशाचं काम संपलेलं नव्हतं. एकेक खातं जातच होतं. समोरचे गेले, कोपऱ्यावरचे गेले. ती फटकळ बाई गेली, आणि ती गेल्यावर कळलं की निम्म्या बातम्या तीच आणत होती. शेवटी आमच्या यजमानांचीही बदली निघाली. ते मी काकीसाहेबांना सांगायला गेले. आमच्या दोन कोंबड्यांचं आधी सांगितलं, त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, आणि पुढं मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कधी जाऊन राहिली आहेस?"

निघायच्या दिवशी सकाळी टांगा दाराशी होता. सामान आधी गेलं होतं. सासूबाई, मुलं आत बसली, यजमान घड्याळ बघत होते. काकीसाहेब पुढच्या दारातून आल्या. मला आठवतं त्याप्रमाणे त्या आमच्या पुढच्या दाराशी कधी आल्याच नव्हत्या, सगळा व्यवहार मागूनच. उजेडात त्या जरा म्हाताऱ्या दिसल्या. त्यांनी मुलांच्या गालांवरून हात फिरवला, सासूबाईंना नमस्कार केला. मग टांग्याच्या दांडीला धरून माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"कमल," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळेच चाललात. मी राहिले ते बरं केलं ना?"

गल्लीत दोन्ही बाजूंना कुलपं होती. मी म्हटलं, "बरं केलंत, काकीसाहेब."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटलं."

मग त्यांनी दांडी सोडली आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "चलो भैया, गाड़ी किसी के लिए खड़ी नहीं रहती." टांगा वळेपर्यंत मी मागे बघत होते. त्या थांबल्या नव्हत्या. रहमत बीच्या दाराची कडी वाजवत होत्या.